वैवाहिक स्थिती : अविवाहित

आमच्या वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात, रास-नक्षत्राच्या खाली, एक चौकोन होता. त्यात दोन ओळी. वरची ‘वैवाहिक स्थिती’, खालची ‘परदेशी असल्यास व्हिसा’. अर्ज मीच आखला, १९९९ साली, मंडळ सुरू केलं तेव्हा. दोन्ही ओळी एकाच चौकोनात का, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, जागा वाचवायला. खरं तर माझ्या डोक्यातही त्या दोन गोष्टी एकाच चौकोनात होत्या. हे मान्य करायला मला पंचवीस वर्षं लागली.

फायलींना मी रंगीत दोरे बांधायचे. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर हिरवा दोरा, एच-वनवाल्याला पिवळा, शिकणाऱ्याला पांढरा. आणि ‘तिकडेच असतो हो, काहीतरी करतो’ असं जिथे आईच सांगायची, ती फाईल बिनदोऱ्याची, गठ्ठ्याच्या तळाशी. त्या ‘काहीतरी’चा मला वास यायचा. मुलाचा व्हिसा संपलाय आणि तो तसाच राहिलाय, हे पुण्यात बसून ओळखण्यात माझा हातखंडा होता. तशा मुलाला मी स्थळच मानत नसे. माणूस म्हणूनही फारसं नाही, हेही लिहून टाकते.

२०१९च्या पावसाळ्यात एक बाई मुलीचा अर्ज घेऊन आल्या. छत्री दाराबाहेर ठेवून, पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. सगळा अर्ज सुवाच्य अक्षरात भरलेला, फक्त तो चौकोन अर्धा कोरा.

“ताई, इथे काय लिहू ते कळेना.”

मुलगी टेक्सासमध्ये नोकरीला, एच-वनवर. तिथेच कॉलेजातल्या एका मुलाशी तिनं घरी न विचारता लग्न केलं होतं. मुलगा आपलाच, नाशिककडचा. एमएस करायला गेलेला, पुढे नोकरी लागली नाही, कागद संपले, तरी राहिला. लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच पकडला गेला आणि त्याला डिपोर्ट केलं. आता तो नाशिकला आईवडिलांकडे, ही तिकडे. “दोन मैत्रिणी आणि एक गुरुजी, एवढ्यावर लग्न झालं म्हणे,” बाई म्हणाल्या. आणि मग आवाज खाली आणून, “असं लग्न धरतात का हो?”

मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, त्याला तिथे राहायचाच अधिकार नव्हता, तर लग्न करायचा कुठून असणार? बिनकागदाच्या माणसाचं लग्न अमेरिकेत लागत नाही. आणि लागलं असलं तरी सरकारनं त्याला हाकलून दिलं, तिथेच ते संपलं. हे सगळं मी अमेरिकेत एडिसनला भाच्याकडे तीन महिने राहून आल्याच्या अधिकारानं सांगितलं. आणि टेबलावरचं पेन उचलून त्या चौकोनात माझ्या हातानं लिहिलं, ‘अविवाहित’.

बाई रडल्या. सुटकेचंच रडू होतं ते. मला पुण्य लागल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांत एक चांगलं स्थळ जुळत आलं. मुलगा पिवळ्या दोऱ्याचा, डॅलसचा, मुलीच्या गावापासून चार तासांवर. मी मुलीचा नंबर पुढे दिला. त्या रात्री साडेदहाला माझा फोन वाजला.

“काकू, तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या यादीत मी एकशे बारा नंबरला आहे. माझं लग्न झालंय.”

तिचा आवाज चढला नाही. तिनं व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. काउंटी क्लार्कचं मॅरेज लायसन्स, खाली शिक्का, दोघांची नावं, आणि लग्न लावणाऱ्याच्या जागी देवळातल्या गुरुजींची सही. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलेलं होतं. सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी तसल्याच हातानं सही केली असणार.

“टेक्सासमध्ये लायसन्स मिळाल्यावर ७२ तास थांबावं लागतं, काकू. आम्ही थांबलो. ९० दिवसांत लग्न करावं लागतं. केलं. क्लार्कनं वय बघितलं, ओळख म्हणून पासपोर्ट बघितला, आधीचं लग्न आहे का ते विचारलं. त्याच्या व्हिसाचं पान उलटूनसुद्धा पाहिलं नाही. तुम्हाला पुण्यातून ते दिसलं?”

मला राग आला. खोटं कशाला बोलू? चूक दाखवणाऱ्या पोरीचाच राग आला. तेव्हा मी तिच्या म्हणण्याची शहानिशा करायला नव्हे, तर तिला खोटं पाडायला म्हणून शिवाजीनगरला आमच्या ह्यांच्या मावसभावाकडे गेले. भावजी तीस वर्षं कौटुंबिक खटले चालवतात. त्यांच्या ऑफिसात बसायच्या खुर्चीवरही फायली असतात, त्यामुळे निम्मं बोलणं उभ्यानंच झालं.

“वहिनी, हे हिंदू विवाह कायद्याचं पुस्तक घ्या. कलम ५ वाचा. लग्नाच्या अटी.”

वाचलं. दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात नसावा, संमती देण्याइतकं मन ठिकाणावर असावं, मुलगा २१, मुलगी १८, नात्यातल्या वर्ज्य पायऱ्या नसाव्यात, सपिंड नसावेत.

“व्हिसा कुठाय?”

“नाही.”

“आता कलम १३. घटस्फोटाची कारणं. यात हद्दपारी शोधून दाखवा.”

मी चष्मा पुसून शोधली. क्रूरता होती, व्यभिचार होता, धर्मांतर होतं, सात वर्षं जिवंत असल्याची खबर नसणं होतं. संन्यास घेणंही होतं. म्हणजे नवरा हिमालयात निघून गेला तर बायकोला घटस्फोट मागता येतो. नवऱ्याला सरकारनं विमानात बसवून दुसऱ्या देशात धाडला तर तेवढ्यावरून येत नाही.

“पण त्यानं तिला टाकलंच ना? परित्याग?”

“परित्यागाला सलग दोन वर्षं लागतात, आणि सोडून जायचा हेतू लागतो. याला पोलीस बंदोबस्तात विमानात चढवलं. हेतू कुणाचा, त्याचा की अमेरिकेचा?”

पुढे त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. अमेरिकेत लग्न हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे, आणि देशात कोणी यावं, कोणी राहावं हा केंद्राचा. दोन वेगळी दारं, दोन वेगळे पहारेकरी. मधूनमधून एखादं राज्य पहिल्या दारावर दुसऱ्याचा पहारेकरी बसवायला जातं. लुइझियानानं २०१५ साली असा कायदा केला की परदेशात जन्मलेल्यांनी जन्माचा दाखला आणल्याशिवाय लायसन्स नाही. त्यात अडकला कोण, तर व्हिएतनामी आईबापांच्या पोटी इंडोनेशियातल्या निर्वासित छावणीत जन्मलेला तरुण. तो अमेरिकेचाच नागरिक होता, पण छावणीत दाखला कोण देणार? तो कोर्टात गेला आणि २०१७ मध्ये फेडरल न्यायालयानं ती अट उडवून लावली.

“तुम्ही त्या पोरीला अविवाहित म्हणून पुढे केलंत,” भावजी शेवटी म्हणाले. “ते दुसरं लग्न लागलं असतं तर दंड संहितेचं कलम ४९४. सात वर्षांपर्यंत कैद. आणि मदत कुणी केली ते शोधायला पोलिसांना लांब जायला नको. तुमच्या लेटरहेडवर पत्ता छापलेला आहे.” (ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८२ झालंय. शिक्षा तीच.)

मी डॅलसच्या मुलाच्या आईला फोन करून स्थळ मागे घेतलं, आणि अर्जावरचा ‘अ’ खोडला. बाईंना सांगायला मात्र चार दिवस लावले.

इथपर्यंत झालं ते अज्ञान, असं म्हणून मला सुटता आलं असतं. कायदा माहीत नव्हता, कळला, सुधारले. मन खरं पालटलं ते पाच वर्षांनी, आणि तेही एका वेगळ्याच निमित्तानं.

परदेशी स्थळ ठरलं की आमच्याकडे एक रीतच पडली होती, आणि ती पाडण्यात माझा मोठा वाटा आहे. मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर येतो. हॉल मिळत नाही, मुहूर्त नाही. पण मुलीच्या एच-फोरला, म्हणजे नवऱ्यासोबत जायच्या व्हिसाला, विवाहाचं प्रमाणपत्र लागतं. मग साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी ‘नमुना ड’ भरायचा. वर, वधू, तीन साक्षीदार, पुरोहिताचं नाव आणि सही. लग्नपत्रिका जोडावी लागते, म्हणून पाचच छापून घ्यायच्या. फोटो लागतो, म्हणून साखरपुड्याच्या स्टेजवर एकदा हार घालून उभं राहायचं. गुरुजी ठरलेले, सही करून मोकळे. ‘नमुना ई’, म्हणजे ते प्रमाणपत्र, हातात पडला की मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत तारीख. खरं लग्न डिसेंबरात, सगळे आले की. अशी जोडपी मी हातावर मोजता येणार नाहीत इतकी पाठवली. त्यांच्या फायलीवर मी ‘शुभविवाह संपन्न’ असा शिक्का मारायचे.

१९ एप्रिल २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. दोन वैमानिकांचं प्रकरण होतं. विधी काही झाले नव्हते, पण एका संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन विवाहाची नोंदणी केली होती, पुढे बिनसलं. न्यायालय म्हणालं, हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न विधींशिवाय लागतच नाही. नोंदणी ही झालेल्या लग्नाची नोंद आहे, न झालेल्या लग्नाला ती जन्म देऊ शकत नाही. आणि परदेशी व्हिशाच्या सोयीसाठी आधी कागद करून ठेवायच्या प्रथेवर न्यायमूर्तींनी नाव न घेता माझ्यासारख्यांचे कान उपटले. (विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन केलेला नोंदणी विवाह निराळा. तिथे ती नोंदणीच लग्न असते. आम्ही ते करत नव्हतो, कारण तीस दिवस कुणाकडे होते?)

ती बातमी मी पेपरात वाचली आणि चहा ठेवून कपाटाशी गेले. एक फाईल मला आठवत होती. नमुना ई मिळाला, व्हिसाची तारीखही मिळाली, आणि दोन्ही घरांत मानपानावरून फाटलं. लग्न डिसेंबरात होणार होतं, ते झालंच नाही. पण कागद होता. तेव्हा मीच दोघांना परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायला लावला. वर्षभर थांबून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून त्यांनी तो घेतला. आणि त्यानंतर त्या मुलीच्या अर्जावर त्याच चौकोनात मी लिहिलं होतं, ‘घटस्फोटित’. तिला पुढे तीन वर्षं स्थळ मिळालं नाही.

म्हणजे ज्या मुलीची सप्तपदी झाली तिला मी अविवाहित लिहिलं, आणि जिची झालीच नाही तिला घटस्फोटित. वधू-वर मंडळांची नोंदणी आणि लग्नांची नोंदणी महाराष्ट्रात एकाच कायद्याखाली होते, १९९८च्या. तो कायदा माझ्या भिंतीवरच्या परवान्यावर छापलेला आहे. त्याच्याखाली बसून मी हे दोन्ही केलं. दोन्ही वेळा मी एकच गोष्ट पाहिली होती. अमेरिकेनं दार उघडलं की नाही. उघडलं तर लग्न, नाही उघडलं तर नाही. पत्रिका, गोत्र, मुहूर्त सगळं मी बघत होते, पण शेवटचा शब्द मी बीकेसीतल्या वकिलातीच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला दिला होता.

पण माझं सगळंच मत बदललेलं नाही. व्हिसा लपवून लग्न करणाऱ्याची मला आजही चीड आहे, आणि कायद्यालाही ती थोडीशी आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर कलम १२खाली लग्न रद्द करून मागता येतं. मात्र फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं, आणि कळल्यावरही राजीखुशीनं एकत्र राहिला असाल तर ते दारही बंद. शिवाय कोर्ट रद्द करेपर्यंत ते लग्नच असतं. मधल्या काळात वधू-वर मंडळातल्या बाईंना ते मोडता येत नाही.

‘काकू, फक्त कागदोपत्री’ असं म्हणत सिटिझन मुलगी शोधायला येणाऱ्यांनाही मी अजून दारातूनच परत पाठवते. अमेरिकेत १९८६च्या कायद्यानं अशा लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्डही दोन वर्षांच्या अटीवर मिळतं. पुढे संसार खरा असल्याचे पुरावे द्यावे लागतात. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. असं खोटं लग्न व्हिशाच्या कामाला उपयोगी पडलं नाही, तरी अनेक राज्यांत ते लग्न म्हणून शिल्लक राहतं. दुसरं करायचं तर आधी त्यातून रीतसर सुटावं लागतं.

आणि एक गोष्ट कळली तिनं माझं समाधान मुळीच झालं नाही. लग्न शाबूत राहतं, म्हणून संसार शाबूत राहतो असं नाही. कॅलिफोर्नियातल्या एका वकीलबाईंचं प्रकरण आहे, म्युनोझ नावानं गाजलेलं. २०१० साली त्यांनी एल साल्वाडोरच्या माणसाशी लग्न केलं. तो व्हिशासाठी मायदेशी गेला आणि त्याला परत येऊ दिलं नाही. टोळीचा असल्याचा संशय, अंगावर गोंदलेलं. बाई अमेरिकेच्या नागरिक. २०२४च्या जूनमध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय सहा विरुद्ध तीन मतांनी म्हणालं, नागरिकाला परदेशी नवरा देशात आणायचा मूलभूत हक्क नाही. तुमचं लग्न खोटं, असं मात्र कुणीच म्हणालं नाही. लग्न खरं, नवरा बाहेर. मला हे आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं वाटलं. नवरा मुंबईला गिरणीत, बायको कोकणात, आणि कपाळावर कुंकू ठसठशीत. फरक इतकाच की त्या गिरणीवाल्याला गणपतीला घरी येता यायचं.

नाशिकच्या त्या मुलाला दहा वर्षांची बंदी लागली होती. सवलत मागता येते, पण मिळेलच असं नाही, आणि मुलगी स्वतःच एच-वनवर होती. २०२१ मध्ये ती नोकरी सोडून परत आली. दोघं नाशिकला राहतात, तो एका क्लासमध्ये शिकवतो. हे मला तिच्या आईकडून कळलं. ती स्वतः मला भेटायला कधी आली नाही, आणि मीही बोलावलं नाही.

मग हे सगळं आता का लिहिते आहे? ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. १०४ माणसं, त्यांत तीन महाराष्ट्रातली. टीव्हीवर बेड्या दिसल्या. त्याच आठवड्यात आमच्याकडे एक फोन आला. त्या विमानाशी संबंध नव्हता, पण बातमीनं धीर आला असावा. मुलगा वर्षापूर्वी तिकडून परत पाठवलेला. “त्याचं तिकडे एक कोर्टात लग्न झालं होतं, ताई. ती तिकडचीच. आता काय, सगळं मिटलंच की. नाव घालू ना तुमच्याकडे?”

मी विचारलं, घटस्फोट झालाय का?

“अहो, देशातूनच काढलं त्याला. आणखी घटस्फोट कशाला?”

माझंच वाक्य, शब्द तेवढे वेगळे. मी त्यांना भावजींचा नंबर दिला. त्या रागावल्या, दुसऱ्या मंडळात नाव घालते म्हणाल्या. घातलं असेल.

आता अर्ज नवीन छापला आहे. ‘वैवाहिक स्थिती’चा चौकोन वेगळा, ‘व्हिसा’चा वेगळा, मध्ये शिक्षण आणि उंची. पहिला चौकोन मी स्वतःच्या हातानं भरत नाही, कुणी कितीही रडलं तरी. ज्यांच्या घरी परत पाठवलेला मुलगा किंवा जावई आहे, त्यांना एकच विनंती. आमच्याकडे यायच्या आधी कौटुंबिक न्यायालयातल्या एखाद्या वकिलाकडे जाऊन या. त्यांची फी आमच्यापेक्षा जास्त आहे, पण आम्हाला यातलं कळत नाही.